‘आठवतंय का?’ हा प्रश्न सोडल्यावर

सगळे उपाय करून थकल्यावर ॲन बास्टिंगने एका मासिकातलं जाहिरातीचं पान टरकावलं.

साल १९९६. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरातला एक वृद्धाश्रम. बास्टिंगने नाट्यशास्त्रात नुकतीच पीएच.डी. मिळवली होती, म्हातारपण आणि रंगभूमी हा तिच्या अभ्यासाचा विषय. डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, झालेल्या वृद्धांबरोबर नाटकाचे खेळ घ्यावेत म्हणून ती आपणहून तिथे जात होती. गोल करून बसायचं, ज्याने-त्याने आयुष्यातला एखादा प्रसंग सांगायचा आणि त्यावरून छोटंसं नाट्य उभं करायचं, अशी तिची कल्पना. आठवडेच्या आठवडे गेले आणि काही म्हणजे काही घडेना. प्रश्न विचारला की माना खाली जात. लग्न कधी झालं, गाव कोणतं, शाळेत काय व्हायचं, काहीही विचारा, उत्तर नाही.

टरकावलेलं पान मार्लबरो सिगारेटच्या जाहिरातीचं होतं. त्यावर तो प्रसिद्ध काउबॉय. ते पान, चित्रकलेची मोठी वही आणि एक मार्कर घेऊन ती गोलात बसली आणि तिने सांगून टाकलं की आज आठवायचं काही नाही. आपण गोष्ट रचू. तुम्ही जे म्हणाल ते मी लिहून घेईन. या गड्याचं नाव काय ठेवू या?

कोणीतरी म्हणालं, फ्रेड.

फ्रेड कोण?

फ्रेड अस्टेअर.

फ्रेड अस्टेअर हा हॉलिवूडचा नाजूक पावलांचा नर्तक नट. रानात घोडा दामटणाऱ्या रांगड्या माणसाला त्याचं नाव मिळालं. बास्टिंगने दुरुस्ती केली नाही. मोठ्या अक्षरात नाव लिहिलं आणि विचारलं, हा राहतो कुठे? ओक्लाहोमात, असं उत्तर आलं आणि त्या नावासरशी जुन्या संगीत नाटकातलं गाणं सुरू झालं. पुढची ४५ मिनिटं ते लोक बोलत होते, हसत होते, गात होते. आठवडाभरापूर्वी ज्यांच्या तोंडून शब्द काढणं मुश्किल होतं, तीच ही माणसं.

त्या खोलीत त्या दिवशी नवीन औषध आलं नव्हतं की कोणाचा मेंदू सुधारला नव्हता. बदलला होता तो फक्त प्रश्न.

मी हे उल्हासनगरच्या कॅम्प २ मध्ये बसून लिहिते आहे आणि हा शोध आमच्या गल्ल्यांसाठी किती मोलाचा आहे, ते मला सांगायचं आहे. पण त्यासाठी आधी आणखी मागे, जर्मनीत जावं लागेल. कारण बास्टिंगने जो प्रश्न सोडला, तो डॉक्टरांच्या वहीत शंभर वर्षं बसून होता.

नोव्हेंबर १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ५१ वर्षांची एक बाई दाखल झाली. ऑगस्टे डेटर. डॉ. अलॉइस अल्झायमर तिच्यासमोर बसले आणि प्रश्नोत्तरं शब्दशः टिपत गेले. तुमचं नाव? ऑगस्टे. आडनाव? ऑगस्टे. नवऱ्याचं नाव? तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, मला वाटतं, ऑगस्टे. जेवताना तिच्या ताटात डुकराचं मांस आणि फ्लॉवर होता. काय खाताय, असं विचारलं तर म्हणाली, पालक. मी स्वतःलाच हरवून बसले आहे, असं ती पुन्हा पुन्हा सांगायची.

एप्रिल १९०६ मध्ये ती गेली. अल्झायमरांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, पेशींमधले गुंते आणि पेशींबाहेरचे थर पाहिले आणि त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला ट्युबिंगेनच्या सभेत ते मांडले. सभेत कोणी एक प्रश्नही विचारला नाही. १९१० मध्ये एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या प्रकारच्या डिमेन्शियाला अल्झायमरांचं नाव दिलं. ऑगस्टे डेटरची फाइल मात्र कुठेतरी पडून राहिली, ती सापडली थेट १९९५ मध्ये, मिलवॉकीच्या त्या काउबॉयच्या जेमतेम वर्षभर आधी.

अल्झायमरांना दोष देण्याचं कारण नाही. निदान करायचं तर विचारावंच लागतं. आजही डॉक्टर तारीख विचारतात, तीन शब्द लक्षात ठेवायला सांगतात, घड्याळ काढायला सांगतात. तपासणीच्या खोलीत ते योग्यच आहे. पण तो प्रश्न तिथून निघून घरात शिरला. दवाखान्यातली तपासणी अर्ध्या तासात संपते, घरातली दिवसभर चालते. पाहुणा आला की सुरुवात होते: ओळखलं का? मी कोण, सांगा बरं? सकाळी काय खाल्लं? नातू किती वर्षांचा? विचारणाऱ्याच्या मनात माया असते, तो आशेने विचारतो. समोरच्याला मात्र प्रत्येक वेळी नापास व्हावं लागतं. काही महिन्यांत ते माणूस बोलणंच बंद करतं आणि आपण म्हणतो, आजार वाढला.

म्हणून अल्बम घेऊन बसणं, जे आपण सगळ्यात आधी करतो, तेच बहुतेकदा बाधतं. घरच्या फोटोला एकच बरोबर उत्तर असतं. हे काका, हा लोणावळा, ही मुंज. बास्टिंगने पुढे १९९८ पासून टाइमस्लिप्स नावाने हे काम उभं केलं, तेव्हा मुद्दाम अशी चित्रं निवडली ज्यांचं खरं उत्तर कोणालाच ठाऊक नसतं. मग विचारणारा आणि सांगणारा एकाच पायरीवर येतात. सांगितलेला प्रत्येक शब्द लिहून घ्यायचा, अर्धं वाक्य असो की नुसता हुंकार. दोन माणसांनी परस्परविरुद्ध सांगितलं तर दोन्ही लिहायचं. मध्ये मध्ये सगळी गोष्ट मोठ्याने वाचून दाखवायची, म्हणजे विसरलेला धागा पुन्हा हातात येतो. नियम एवढेच.

वीस वृद्धाश्रमांवर एक अभ्यास झाला आणि तो २००९ मध्ये छापून आला. निम्म्या ठिकाणी टाइमस्लिप्स, निम्म्या ठिकाणी नेहमीचा दिनक्रम. जिथे गोष्टी रचल्या गेल्या तिथले रहिवासी जास्त सावध आणि सहभागी दिसले, कर्मचारी त्यांच्याशी जास्त बोलू लागले. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. प्रशिक्षण घेतलेल्या कर्मचाऱ्यांची रुग्णांकडे पाहण्याची नजर बदलली होती. अंघोळ घालायचं, भरवायचं एक काम म्हणून जिच्याकडे पाहिलं जात होतं, ती बाई आता गोष्ट सांगणारी बाई झाली. २०१६ मध्ये बास्टिंगला मॅकआर्थर फेलोशिप मिळाली.

गोष्टीने जे केलं तेच रंगाने केल्याचं उदाहरण शिकागोचं आहे. हिल्डा गोरेनस्टाइन ही समुद्राची चित्रं काढणारी चित्रकर्ती, हिल्गोस या नावाने सही करणारी. १९३३ च्या शिकागोतल्या जागतिक प्रदर्शनासाठी तिने नौदलाची भित्तिचित्रं केली होती. म्हातारपणी अल्झायमरने गाठलं, ती अस्वस्थ होऊ लागली, मग गप्प झाली. पुन्हा चित्र काढशील का, असं मुलीने एकदा विचारलं. उत्तर आलं की चित्र काढताना मला जास्त चांगलं आठवतं. शिकागोच्या कलाविद्यालयातले विद्यार्थी तिच्याकडे येऊ लागले आणि ती १९९८ मध्ये जाईपर्यंत रंगवत राहिली. त्या वाक्याचंच नाव घेऊन २००९ मध्ये एक माहितीपट निघाला. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयाने २००६ मध्ये मंगळवारी, संग्रहालय तेव्हा बंद असायचं त्या दिवशी, डिमेन्शियाच्या रुग्णांना त्यांच्या घरच्यांसह आत बोलवायला सुरुवात केली. मोजकी चित्रं, एकेका चित्रासमोर निवांत बसणं आणि तिथेही तोच मोकळा प्रश्न: तुम्हाला यात काय दिसतं?

हे सगळं चालतं कशामुळे? अल्झायमरमध्ये मेंदूतला हिप्पोकॅम्पस लवकर पोखरला जातो. नवी आठवण साठवण्याचं काम त्याचं. म्हणून सकाळचा चहा विसरला जातो आणि लहानपणीचं गाणं राहतं. हाताला लागलेली सवय, म्हणजे सुई धरणं, ठेका धरणं, कणीक मळणं, ही मेंदूच्या वेगळ्या भागांत, बेसल गँग्लिया आणि लहान मेंदूत मुरलेली असते. तिथे आजार उशिरा पोचतो. भावनाही टिकते. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात अल्झायमरच्या रुग्णांना दुःखाचे आणि आनंदाचे चित्रपटांतले तुकडे दाखवले. काय पाहिलं ते बहुतेकांना थोड्याच वेळात सांगता येईना, पण मनात उमटलेलं दुःख किंवा सुख मात्र त्यानंतरही रेंगाळत राहिलं. हा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. घरच्या माणसांनी हा निष्कर्ष नीट वाचावा. ‘त्यांना कुठे काय लक्षात राहतंय’ म्हणून आपण रागाने बोलतो. बोललेलं राहत नाही, राग राहतो. दुपारी रंगांत घालवलेला तासही तसाच राहतो.

मेंदूचा एक भाग खचला की दुसरा मोकळा होतो, असंही क्वचित घडतं. कॅनडातल्या ॲन ॲडम्स पेशीजीवशास्त्रज्ञ होत्या. १९९४ मध्ये त्यांनी मोरिस राव्हेल या फ्रेंच संगीतकाराच्या ‘बोलेरो’चं चित्र काढलं. ‘बोलेरो’ ही १९२८ ची रचना; दोनच धुना फिरून फिरून येतात, आवाज चढत जातो आणि शेवटाकडे अचानक स्वर बदलतो. ॲडम्सबाईंनी संगीताच्या एकेका मात्रासमूहासाठी एकेक उभी आकृती काढली, आवाज जितका मोठा तितकी ती उंच, आणि स्वर बदलतो तिथे रंग बदलला. त्या वेळी त्यांना काही झालं आहे असं कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. काही वर्षांनी शब्द सुटू लागले आणि भाषा गिळून टाकणाऱ्या एका दुर्मीळ डिमेन्शियाचं निदान झालं. राव्हेल यांनाही उतारवयात भाषा गमावणारा मेंदूचा आजार जडला होता. २००८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या डॉक्टरांनी ॲडम्सबाईंच्या मेंदूच्या प्रतिमा तपासून दाखवलं की भाषेचा डावा भाग झिजत असताना उजवीकडचा मागचा भाग उलट जोमात होता. हे सगळ्यांचं होत नाही, तशी आशा कोणाला लावू नये. कलेने आजार थांबत नाही आणि कलोपचारावरचे काटेकोर अभ्यास अजून फार थोडे आहेत. जो दिवस हातात आहे तो सुसह्य होतो, एवढंच म्हणता येतं. ज्याच्या घरात हा आजार आहे त्याला विचारा, एवढंच म्हणजे किती.

आता आमच्या गावाकडे येते.

दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर त्या बराकींमध्ये सिंधमधून आलेल्या निर्वासितांना आणून ठेवलं, सुमारे एक लाख माणसं. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या वसाहतीची कोनशिला बसली आणि कल्याण कॅम्पचं उल्हासनगर झालं. लष्करी आकडे मात्र गेले नाहीत, आजही पत्ता सांगताना आम्ही कॅम्प २, कॅम्प ४ असंच सांगतो. बराकींच्या भिंती पाडून घरं वाढली, गजानन मार्केटात कापडाचे ठाण लागले, शेजारी मराठी घरं आली. निर्वासितांना घेऊन आलेल्या आगगाड्यांतून जी सात-आठ-दहा वर्षांची पोरं उतरली होती, ती आज पंच्याऐंशीच्या आसपास आहेत. डिमेन्शियाचं प्रमाण वयाबरोबर वाढत जातं. भारतात साठीपुढच्या ८८ लाख लोकांना, म्हणजे शंभरात सातांहून जास्त लोकांना तो असावा, असा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. आमच्याकडे त्याला अजून ‘वय झालं’ किंवा ‘म्हातारचळ’ म्हणतात.

अशा घरातली संध्याकाळ कशी असते? दिवेलागणीला म्हातारी उठते, चादरीची गुंडाळी करते आणि दाराशी जाते. ‘मूंखे घर वठी हल.’ मला घरी घेऊन चल. मुलगा म्हणतो, अम्मा, हेच तर तुझं घर. ती मानत नाही. संध्याकाळी बेचैन होऊन घरी जायचं म्हणणं हे या आजाराचं जगभर दिसणारं लक्षण आहे. पण जी माणसं खरोखरच घर सोडून आली, त्यांच्या तोंडी ते वाक्य वेगळ्या वजनाने येतं. तिचं घर सिंधमधल्या शिकारपुरात असेल, सक्करला असेल, किंवा कुठेच नसेल. तिला फक्त भीती नसलेली जागा हवी असेल. मुलगा खरं बोलतोय आणि तीही खोटं बोलत नाही. भांडण रोज होतं.

अशा वेळी मिलवॉकीच्या वाटेने जायचं तर दार अडवून पटवत बसायचं नाही. मोठा कागद पसरायचा आणि म्हणायचं, चल अम्मा, आपण एक घर काढू. दार कुठे करू? रंग कोणता देऊ? अंगणात कोण बसलंय? ती म्हणेल हत्ती बसलाय, तर हत्ती. ती सिंधीत बोलेल, नातवाला कळणार नाही. जसं ऐकू येईल तसं देवनागरीत लिहून घ्यावं. अनेक भाषा येणाऱ्या माणसाच्या नंतर शिकलेल्या भाषा बऱ्याचदा आधी जातात. चाळीस वर्षं शेजारणीशी मराठीत आणि गिऱ्हाइकाशी हिंदीत बोललेली बाई शेवटी एकट्या सिंधीत उरते आणि घरात तेवढी सिंधी येणारं कोणी नसतं. रेषेला आणि रंगाला ही अडचण येत नाही.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ हा चित्रपट, २०१३ चा, मला या बाबतीत फार मोठा वाटतो. त्यात मोहन आगाशे संस्कृतचे निवृत्त पंडित आहेत. स्मृती गेलेले हे पंडित हत्तीमागे चालत जातात आणि हरवतात. घरचे, ओळखीचे, सगळे त्यांना ते पूर्वी कोण होते त्या मापाने मोजतात. माहुताची बायको चन्नम्मा, अमृता सुभाषने केलेली, तिला हे कोण ते ठाऊकच नाही. ती विचारत नाही. भूक लागली आहे ना, मग खाऊ घालते. पंडितांचं सारं आयुष्य ज्यांना ठाऊक आहे त्यांना जे जमत नाही ते तिला जमतं, कारण तिच्याकडे तपासून पाहायला जुनं काहीच नाही.

हातांकडे यायला हवं, कारण या कॅम्पांचा संसार हातांवर उभा राहिला. बायकांनी पापड लाटले, भरतकाम केलं. सिंधी टाका पाहिला आहे का? आधी कापडावर तिरक्या टाक्यांची आडवी-उभी चौकट घालायची. मग सुई कापडात खुपसायचीच नाही. चौकटीच्या धाग्यांच्या खालून एकदा, वरून एकदा असा दोरा गुंफत न्यायचा. मधल्या फुलीभोवती फिरून तो निघाल्या जागी परत येतो. एक वळण चुकलं तर सगळी जाळी बिघडते. हे डोक्याने मोजत करायला बसलं तर घामटं निघतं. मुरलेला हात ते बोलता बोलता करतो. स्वतःचं वय सांगता न येणाऱ्या बाईच्या हातात अशी अर्धी घातलेली चौकट द्यावी. जमलं तर जमलं. न जमलं तरी दोरा हातात खेळतो आणि त्या खेळण्यालाही किंमत आहे. तेच लाड्यांचं, म्हणजे सिंधी लग्नगीतांचं. ढोलक वाजला की लाडा गाणाऱ्या बायकांना शब्द शोधावे लागत नाहीत.

एक अडचण खरी आहे आणि तिला बगल देणं बरोबर नाही. चित्र काढता काढता, गोष्ट रचता रचता आगगाडी येईल, जहाज येईल, मागे राहिलेलं कोणी येईल. रडू येईल. घाबरून विषय बदलू नये, ‘जाऊ दे ते’ म्हणू नये. तेही लिहावं, वाचून दाखवावं आणि विचारावं, मग पुढे काय होतं? गोष्ट पुढे नेण्याचा अधिकार तिच्याच हातात ठेवावा. पंचाहत्तर वर्षांत अनेकींना ते कोणी विचारलेलंच नाही, कारण दुकान लावायचं होतं, पोरं वाढवायची होती.

यासाठी संग्रहालय लागत नाही. सिंधमध्ये जुन्या कपड्यांचे तुकडे जोडून रल्ली शिवतात, आपल्या गोधडीची बहीणच ती. कॅम्प २ मध्ये कापडाच्या चिंध्यांना तोटा नाही, शिंप्यांकडे त्या पोत्याने पडलेल्या असतात. मंदिराचं सभागृह, शाळेचा रिकामा वर्ग, एखादी ओसरी, कुठेही चार-पाच घरच्या वृद्धांना आठवड्यातून एकदा दुपारी बसवता येईल. संध्याकाळची बेचैनी सुरू व्हायच्या आत. चौकोन आधीच कापून ठेवावेत, रंग ठसठशीत असावेत, कारण फिकट छटा म्हाताऱ्या डोळ्यांना वेगळ्या दिसत नाहीत. एका वेळी चार-पाचच तुकडे समोर ठेवावेत. ढीग पाहून गोंधळ होतो. हा लाल कोणाशेजारी बसवू, एवढं विचारावं आणि थांबावं. उत्तराला मिनिट लागलं तर मिनिट थांबावं. ज्यांच्या हाती सुई देणं धोक्याचं, त्यांनी तुकडे मांडावेत. शिवायला घरात बाकीचे आहेत.